खाडीअलीकडचा कागद, खाडीपलीकडचे काम

नागावाहून दक्षिणेस निघाले की नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाताजाता चौल लागते, चौलानंतर रेवदंडा आणि रेवदंड्याच्या टोकाशी कुंडलिकेची खाडी. आज साळावच्या पुलावरून ही खाडी काही मिनिटांत पार करता येते, आणि आपण एखादी हद्द ओलांडली असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत ही खाडी दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे इंग्रजांचा कुलाबा जिल्हा आणि पलीकडे हबसाण, म्हणजे सिद्दी नबाबाचा मुलूख. पाणी एक, माती एक, दोन्ही तीरांवरचा दगडही एकच. पण अंमल मात्र दोन.

या खाडीचे स्मरण आम्हांस एका लहानशा प्रसंगाने झाले. आमच्या आळीतील एक तरुण कंत्राटदार गेल्या पावसाळ्यापूर्वी आमच्याकडे आला. सार्वजनिक बांधकाम खात्याकडे त्याची रीतसर नोंदणी आहे आणि पंचक्रोशीत त्याच्या कामाला नावे ठेवणारा कोणी नाही. गोव्यात पेडणे भागात एक घर बांधून देण्याचे काम त्याच्याकडे चालून आले होते. नोंदणीचा कागद आमच्यापुढे ठेवून तो म्हणाला, "काका, हा कागद तेरेखोलच्या पलीकडे चालेल ना? अकरा माणसांना उचल देऊन बसलोय."

आम्ही त्यास तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. उत्तर शोधू लागलो तेव्हा असे दिसून आले, की त्याने विचारलेला प्रश्न या किनाऱ्याने निदान पाचशे वर्षे विचारला आहे. एका राजाने दिलेली परवानगी दुसऱ्या राजाच्या भूमीवर कितपत चालते, आणि जेथे ती चालत नाही तेथे माणसांचे काय होते, या प्रश्नाचा इतिहास येथे मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'परवाना' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'दस्तक', 'सनद' आणि 'कौल' ही त्याचीच भावंडे. जुन्या कागदांत काम अंगावर घेणारा तो 'मक्तेदार'. निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या मराठवाड्यात त्यास आजही 'गुत्तेदार' म्हणतात, उत्तरेच्या वळणाने तो 'ठेकेदार' होतो, आणि आपल्या कोकणात इंग्रजी अमलाने त्यास 'कंत्राटदार' केले. धंदा एकच, परंतु ज्याच्या राज्यात तो चालला त्याचा ठसा नावावर उमटला. सरहद्दी पुसल्या गेल्या तरी भाषेत त्या अशा शिल्लक राहतात.

आमच्या नागावात सापडलेला एक शिलालेख शके १२८९ चा, म्हणजे इसवी सन १३६७ चा आहे. हंबीरराव राजाच्या काळातील या लेखात शक आणि हिजरी असे दोन्ही सन एकाच दगडावर कोरलेले आहेत. लेख कोरणाऱ्यास ठाऊक होते, की येथील व्यवहार एकाच सत्तेच्या पंचांगावर चालत नाही. एकाच मजकुराला दोन दरबारांत मान मिळावा ही गरज या किनाऱ्यावर इतकी जुनी आहे.

पुढे पोर्तुगीज आले. अहमदनगरच्या निजामशहाच्या संमतीने १५१६ साली त्यांनी चौलास वखार घातली आणि १५२१ साली रेवदंड्यास किल्ला बांधण्यास आरंभ केला. हा किल्ला प्रथम तलवारीने मिळविलेला नव्हे, तो परवानगीने उभा राहिला. निजामशहास अरबी घोडे हवे होते, ते समुद्रमार्गे येत, आणि समुद्रावर जोर पोर्तुगीजांचा होता. घोड्यांच्या बदली बांधकामाची अनुज्ञा, असा तो सरळ सौदा होता. मात्र या अनुज्ञेची मर्यादा लवकरच उघड झाली. १५५० नंतरच्या दशकात पोर्तुगीजांनी खाडीच्या दक्षिणेस, कोरलईच्या डोंगरावर, दुसरे ठाणे बांधण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. दोन्हीकडची माणसे शस्त्रे घेऊन समोरासमोर आली, आणि अखेर त्या डोंगरावर कोणीच तट बांधू नये असे ठरले. खाडीचे तोंड ओलांडताच पहिल्या कागदाचे बळ संपले. पुढे निजामशाहीने तेथे किल्ला बांधला आणि १५९४ साली पोर्तुगीजांनी तो लढून घेतला. १७४० साली रेवदंडा आणि कोरलई दोन्ही मराठ्यांच्या हाती आली.

परवाना आणि हद्द यांचा याहून मोठा झगडा आमच्या समोरच्या समुद्रात झाला. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे म्हणणे असे, की या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबताने आमचे दस्तक घेतले पाहिजे. इंग्रज कंपनी आपल्या आश्रयास असलेल्या व्यापाऱ्यांना स्वतःचे परवाने देई आणि तेच सर्वत्र चालावेत असा आग्रह धरी. कंपनीचे स्वतःचे जहाज असेल तर गोष्ट वेगळी, पण दुसऱ्याच्या मालावर कंपनीचा कागद आम्ही का मानावा, हा कान्होजींचा सवाल होता. आमच्या शाळेतील इतिहासात हा भाग चाचेगिरीच्या आरोप-प्रत्यारोपांत बुडून जातो. वस्तुतः कोणाचा कागद कोणाच्या पाण्यात चालावा हा त्यातील मुख्य वाद होता. तो इतका विकोपास गेला, की १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली आणि ती फसली. चौलाहून अलिबागेस जाणाऱ्या वाटेवरच आमचे नागाव आहे. दोन फौजांच्या मधल्या गावाने काय सोसले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

१८४० साली आंग्र्यांचे राज्य खालसा झाले आणि खाडीच्या उत्तरेस इंग्रजी अंमल बसला. १८५४ साली डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकामाचे स्वतंत्र खाते निघाले. मोजणी, अंदाजपत्रक, निविदा, अनामत रक्कम, कामाचे टप्प्याटप्प्याने पैसे ही पद्धत त्यानंतर स्थिर झाली, आणि आजचा 'कंत्राटदार' तिच्यातूनच जन्मास आला.

या नव्या पद्धतीत काय दडलेले होते ते बोरघाटात दिसून आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटाचे काम विल्यम फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदारास दिले. त्याने पोटकंत्राटदार नेमले, पोटकंत्राटदारांनी मुकादम नेमले, आणि मुकादमांनी निरनिराळ्या मुलुखांतून माणसे आणली. वरून निघालेला पैसा खाली पोहोचेपर्यंत आटत गेला. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला, आणि त्यानंतर फॅव्हिएलने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा इकडे येताच मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने अभियंत्यांच्या साहाय्याने काम पुढे नेले. १८६१ साली घाटात सुमारे ४२ हजार माणसे राबत होती. १८६३ साली गाडी घाट चढली. करार मोडला की कंत्राटदारास निघून जाता येते. घरापासून शेकडो मैल आलेल्या मजुरास मात्र ना काम राहते ना परतीची वाट. ही गोष्ट आपण ध्यानी ठेवू, कारण पुढे ती पुन्हा येणार आहे.

त्या काळी मुंबई इलाख्याचा नकाशा म्हणजे ठिगळांची गोधडी होती. इंग्रजी मुलुखाच्या मध्ये भोर, सावंतवाडी, कोल्हापूर, सांगली, जंजिरा अशी संस्थाने, पूर्वेस निजामाचा मुलूख आणि दक्षिणेस पोर्तुगीज गोवा. माणसे मात्र या शिवणी उसवून जात-येत. निजामाच्या तेलंगणातून आलेल्या कामाठ्यांनी मुंबईच्या इमारती उभारल्या आणि कामाठीपुऱ्यास आपले नाव दिले. पुण्यात महात्मा जोतीराव फुले हे स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. येरवड्याचा पूल आणि कात्रजचा बोगदा यांच्याशी त्यांच्या कंपनीचे नाव निगडित आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत आपल्या धंद्याचा आरंभ बार्शी लाइट रेल्वेच्या कामाने केला, आणि ती रेल्वे इंग्रजी मुलुखातून निजामाच्या मुलुखात जाणारी होती.

मग हद्दीची अडचण कशी सुटे? बड्यांसाठी ती तहाने सुटे. संस्थानांतून जाणाऱ्या मुख्य लोहमार्गांच्या पट्टीवरील अधिकार इंग्रज सरकार संस्थानिकांकडून लिहून घेई; तेवढ्या चिंचोळ्या पट्टीपुरते परराज्य संपे. गोव्याच्या बाबतीत १८७८ साली इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला, आणि त्याच्या आधाराने इंग्रजी कंपनीने मुरगावचे बंदर व तेथून घाटापर्यंतचा लोहमार्ग बांधला. लहान गवंड्यासाठी मात्र कोणी तह करीत नव्हते. त्याचा तह म्हणजे ओळख. पलीकडचा एखादा प्रतिष्ठित गृहस्थ "हा माझा माणूस" म्हणून जामीन राही, आणि काम बिघडले तर जामीनदाराचे नाक कापले जाई. साळावचा पूल होण्यापूर्वी तरीतून पलीकडे गेलेल्या गवंड्यांच्या गोष्टी आम्ही लहानपणी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. त्या गोष्टींत परवान्याचा उल्लेख क्वचित असे. "कोणाच्या शब्दावर गेला" हा प्रश्न मात्र हटकून असे.

स्वातंत्र्याने ही गोधडी एकसंध केली. १९४८ साली जंजिरा मुंबई राज्यात आला, १९५६ साली मराठवाडा त्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याआधीच २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाने दोन मोठी आश्वासने दिली होती. अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकास देशात कोठेही राहण्याचे आणि कोणताही धंदा करण्याचे स्वातंत्र्य दिले, आणि अनुच्छेद ३०१ ने भारतभर व्यापार व दळणवळण खुले असल्याचे जाहीर केले. ही दारे खरोखर उघडी झाली, याचा पुरावा डोळ्यांपुढे आहे. वालचंदांनी १९२६ साली स्थापन केलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने कोयनेचे धरण बांधले, तसेच केरळात इडुक्कीचे आणि बंगालमध्ये फराक्क्याचे कामही केले.

परंतु दार उघडणे वेगळे आणि उंबरठ्यावर नाव विचारणे वेगळे. संविधानानेच या स्वातंत्र्यांवर वाजवी निर्बंधांस जागा ठेवली आहे, आणि राज्याच्या मालकीच्या इमारती व स्थानिक स्वराज्य हे विषय राज्यांकडे दिले आहेत. १९६२ साली राजस्थानातील मोटार वाहतुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की व्यापाराचे नियमन करणारे नियम म्हणजे व्यापारास घातलेला अडसर नव्हे. याचा अर्थ असा, की परप्रांतीय म्हणून कोणास अडविता येत नाही. पण कामाच्या जागी जे नियम आहेत ते पाळल्यावाचून कोणास सोडताही येत नाही.

आता आमच्या तरुणाच्या कागदाकडे वळू. त्याच्या हातात होती ती खात्याकडील नोंदणी. त्या खात्याच्या कोणत्या रकमेपर्यंतच्या निविदा भरता येतील, एवढेच ती सांगते. दुसऱ्या राज्याच्या खात्याचे काम हवे, तर त्या खात्याच्या नियमांनुसार तेथे पात्र ठरले पाहिजे. खासगी घराची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९२९ पासून बांधकाम कंत्राटदारांस राज्याचा परवाना घ्यावा लागतो, आणि शेजारच्या राज्यात गेल्यास तेथील मंडळाचा वेगळा. आपल्याकडे महाराष्ट्रात खासगी घर बांधणाऱ्या कंत्राटदारासाठी तसा एकच राज्य परवाना नाही. येथे परवानगी लागते ती घरास, म्हणजे मालकाने नोंदणीकृत तज्ज्ञामार्फत नकाशा मंजूर करून घ्यावयाचा असतो. त्यातही भेद आहे. वास्तुविशारदाची नोंदणी १९७२ च्या कायद्याप्रमाणे साऱ्या देशास पुरते; विजेच्या कामाचा परवाना मात्र राज्य सरकार देते, आणि १९५६ च्या वीजनियमांपासून ही पद्धत रूढ आहे. वस्तू व सेवा कराची नोंदणीही २०१७ पासून राज्यवार आहे.

येथवर सारे कागदाचे आणि फीचे प्रकरण झाले. खरा गाभा यापुढे आहे, आणि तो त्या अकरा माणसांचा आहे. ओडिशात मुकादम गावोगाव फिरून, उचल देऊन, माणसे परराज्यांत नेत. तिकडे त्यांना 'दादन' मजूर म्हणत. ठरलेली मजुरी मिळत नसे, भाषा कळत नसे, आणि गाऱ्हाणे ऐकणारा अधिकारी आपला की त्यांचा हेही समजत नसे. यातूनच १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. या कायद्याने पाच किंवा अधिक परराज्यीय मजूर नेणाऱ्या कंत्राटदारास दोन परवाने सांगितले. माणसे ज्या राज्यातून उचलली तेथील एक, आणि जेथे कामास लावली तेथील दुसरा. शिवाय जाण्यायेण्याचा खर्च, आणि मासिक वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांपैकी अधिक असेल तो विस्थापन भत्ता.

कंत्राटदारांना दोन परवान्यांचा हा नियम जाचक वाटे, आणि त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. दोन कचेऱ्यांच्या पायऱ्या लहान माणसास परवडत नाहीत. पण नियमाचे मर्म काय होते ते पाहावे. एक नाव गावाकडे लिहिलेले असावे, दुसरे कामावर. म्हणजे मधल्या वाटेत माणूस हरवला तर तो कोठून निघाला आणि कोठे पोहोचला नाही हे तरी कळेल.

नियम झाला, अंमल मात्र झाला नाही. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी मोठमोठी बांधकामे चालली होती. किमान मजुरी रोज ९ रुपये २५ पैसे होती; मजुरांना आणणारे जमादार त्यातील एक रुपया कापून घेत आणि मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. बोरघाटातील गोष्ट सव्वाशे वर्षांनी राजधानीत पुन्हा घडत होती. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की किमान मजुरीहून कमी देऊन राबविणे ही संविधानाच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध केलेली वेठबिगारीच होय. आणि काम कंत्राटदारामार्फत करून घेतले म्हणून सरकार आपली जबाबदारी झटकू शकत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत शेकडो मैल पायी निघालेले मजूर आपण सर्वांनी पाहिले. त्यांची मोजदाद सरकारदरबारी पुरती नव्हती, कारण ज्या वह्यांत त्यांची नावे असावयास हवी होती त्या वह्या कोऱ्या होत्या. त्याच वर्षी संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता संमत केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली असून १९७९ चा कायदा तिच्यात विलीन झाला आहे. मजूर पुरविणाऱ्या कंत्राटदारास अनेक राज्यांसाठी मिळून पाच वर्षांचा एकच परवाना मिळण्याची सोय तिच्यात आहे. कान्होजींच्या काळापासून चाललेला कागदांचा वाद एवढ्यापुरता तरी मिटला, याचा आम्हांस संतोष वाटतो. परंतु कंत्राटी मजुरांबाबतची ही परवाना-तरतूद पन्नास किंवा अधिक मजूर असलेल्यांस लागू होते, आणि जुना विस्थापन भत्ता नव्या संहितेत उरलेला नाही. अकरा माणसे घेऊन जाणारा आमचा तरुण या परवान्याच्या जाळ्यातून सहज निसटतो. तो निसटतो म्हणजे त्याची माणसेही निसटतात.

आम्ही त्यास बोलावून सांगितले ते असे: "अरे, तुझा कागद तेरेखोलच्या अलीकडेच राहणार. पलीकडे घराची परवानगी मालकाने तिकडच्या पंचायतीकडून घेतली आहे का ते पाहा, विजेचे काम तिकडच्या परवानाधारकास दे, कराचे तिकडच्या जाणत्या माणसास विचार. एवढे केलेस तर तुला कोणी अडविणार नाही. पण निघण्यापूर्वी अकरा जणांची नावे, त्यांच्या घरच्यांची नावे, दिलेली उचल आणि ठरलेली मजुरी एका कागदावर लिही. एक प्रत प्रत्येकाच्या घरी ठेव, एक ग्रामपंचायतीत दे."

तो थोडा हिरमुसला. "काका, हे कुठल्या कायद्यात आहे?" असे त्याने विचारले. "कायदा तुला विचारणार नाही, म्हणून तर मी सांगतो आहे," असे उत्तर आम्ही दिले. चार दिवसांनी त्याने यादी आणून दाखविली. अकराव्या नावापुढे घरचा पत्ता नव्हता. तो मुलगा विजापूरकडून आमच्याकडे आलेला होता आणि आता आमच्याकडून गोव्यास निघाला होता. दोन वर्षे तो आमच्या आळीत भिंती बांधीत होता, पण त्याचे गाव कोणते हे आमच्यापैकी कोणासच ठाऊक नव्हते. आमच्या तरुणाने त्यास विचारून ते लिहून घेतले.

आज अलिबागेपासून रेवदंड्यापर्यंत जागोजागी बंगले उठत आहेत, आणि ते बांधणारे हात बहुशः परप्रांतांतील आहेत. ज्या प्रश्नाचे उत्तर आमची माणसे गोव्यात शोधतात, तोच प्रश्न घेऊन कोणी आमच्या दारात उभा आहे. त्याच्या कंत्राटदारापाशी कोणत्या राज्याचा कागद आहे हे सरकारने अवश्य पाहावे. पण आपल्या वाडीच्या कुंपणापलीकडे विटा वाहणाऱ्याचे नाव आणि गाव विचारण्यास आपणांस कोणाच्याच परवान्याची आवश्यकता नाही, एवढी विनंती करून आम्ही हा विषय संपवितो.